पंडिता रमाबाई : दुःखाने ज्यांना दुसऱ्यांच्या दारापर्यंत नेलं



पंडिता रमाबाईंचा पाठ आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी शिकवलेला असतो. जन्म, शारदा सदन, मुक्ती सदन, मृत्यू असे चार मुद्दे फळ्यावर लिहायचे आणि खाली प्रश्नोत्तरं द्यायची. मीही कित्येक वर्षं तेच केलं. मग एका वर्षी सातवीच्या वर्गात एका मुलीने हात वर केला. तिचे वडील त्याच वर्षी वारले होते. आई-वडील गेल्याशिवाय माणूस मोठा होत नाही का, असं तिने अगदी साधेपणाने विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. उद्या सांगते म्हणाले आणि घरी येऊन रमाबाईंचं चरित्र पुन्हा उघडलं. आजचा हा लेख त्या मुलीच्या प्रश्नामुळे लिहिला आहे. तुमच्याही वर्गात, तुमच्याही घरात असं एखादं मूल असेल. त्याला रमाबाईंची गोष्ट कशी सांगावी, याचा विचार आपण मिळून करूया.

जंगलातली शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातल्या भागात, गंगामूळ इथल्या जंगलात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे गाढे विद्वान. तरुणपणी ते पुण्यात शिकत होते, तेव्हा त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकवायला जात. एक स्त्री संस्कृत श्लोक म्हणते आहे, हे अनंतशास्त्रींनी पाहिलं आणि ते त्यांच्या मनात घर करून बसलं. आपणही आपल्या पत्नीला शिकवायचं, असं त्यांनी ठरवलं. पुढे लक्ष्मीबाईंना त्यांनी खरोखरच संस्कृत शिकवलं. समाजाला ते मुळीच रुचलं नाही. विरोध वाढला तेव्हा ते पत्नीला घेऊन जंगलात राहायला गेले.

पुढे पैसा संपला, जमीन गेली आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. देवळात, नदीच्या घाटावर पुराण सांगायचं आणि लोक देतील त्या दक्षिणेवर जगायचं. रमा तेव्हा अगदी लहान होती. ती शाळेत कधीच गेली नाही. तिची शाळा म्हणजे तिची आई. दिवसभर घरचं काम आणि प्रवास, त्यामुळे लक्ष्मीबाई पहाटे उजाडायच्या आधी लेकीला उठवत आणि झोपाळलेल्या मुलीकडून श्लोक म्हणून घेत. असं करत करत भागवताचे हजारो श्लोक रमाला तोंडपाठ झाले.

वाचकहो, ही पहाटेची शिकवणी लक्षात ठेवा. पुढे आपल्याला तिची गरज पडणार आहे.

दुष्काळ

१८७० च्या दशकात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. रमा तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. पुराण ऐकायला कोण येणार आणि दक्षिणा कोण देणार? होतं नव्हतं ते विकून झालं. मोलमजुरी करायची सवय नव्हती आणि भीक मागायची लाज होती. शेवटी सगळं कुटुंब जंगलात गेलं आणि काही दिवस पानं खाऊन राहिलं. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं, तेव्हा भाऊ श्रीनिवास पुढे झाला आणि मी मजुरी करतो म्हणाला. पण वडिलांच्या अंगात आता काही उरलं नव्हतं. थोड्याच दिवसांत ते गेले. त्यांच्यामागे आई गेली आणि मग मोठी बहीण कृष्णाबाई.

आईच्या वेळची गोष्ट वाचताना माझा आवाज दरवेळी अडतो. स्मशान दूर होतं आणि खांदा द्यायला माणसं नव्हती. मोठ्या मुश्किलीने दोन ब्राह्मण तयार झाले. चौथा खांदा रमाने दिला. तिची उंची कमी पडत होती, म्हणून तिला तिरडीचा दांडा डोक्यावर घ्यावा लागला. जी आई पहाटे उठवून श्लोक शिकवत होती, तिला लेकीने असं डोक्यावरून नेलं.

मग उरले बहीण-भाऊ दोघंच. दोघांनी हजारो मैल पायपीट केली. मूठभर भिजवलेले दाणे आणि मीठ हे त्यांचं जेवण. पंजाबात कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं, तेव्हा नदीकाठच्या वाळूत खड्डे खणून त्यात गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घ्यायचं आणि रात्र काढायची. इतकी व्रतं केली, इतकी तीर्थं पाहिली, तरी हे असं का झालं, हा प्रश्न दोघांच्या मनात होता. लहानपणापासूनची श्रद्धा हळूहळू सुटत गेली. हा भाग आपण वर्गात बहुधा गाळतो. गाळू नका. प्रश्न पडणं हा रमाबाईंच्या गोष्टीचा कणा आहे.

मान मिळाला, पण माणसं गेली

१८७८ मध्ये ही भावंडं कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, हे पाहून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांनी परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. ज्या विद्येपायी आई-वडिलांना जंगलात जावं लागलं होतं, त्याच विद्येचा आता भर सभेत सन्मान होत होता.

पण १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास ढाक्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी भावाचे स्नेही, बंगाली वकील बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी, लग्न नोंदणी पद्धतीचं. त्या काळात ही केवढी धाडसाची गोष्ट होती, ते आपण समजू शकतो. आसामातल्या सिलचरला त्यांचा संसार सुरू झाला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने नवरा गेला.

आता हिशेब करा. आठ-नऊ वर्षांत वडील, आई, बहीण, भाऊ आणि नवरा गेले. रमाबाईंचं वय तेवीस आणि कडेवर वर्षाचीही न झालेली मुलगी. त्या काळी विधवेचं दुःख हे तिच्याच पूर्वजन्मीच्या पापाचं फळ आहे, असं लोक सर्रास मानत. म्हणजे आधीच दुःख, आणि वर दोषही तिचाच.

याच सिलचरच्या घरात, नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली होती. पुढच्या वाटेची ती पहिली खूण.

पुणे, आणि मग समुद्रापार

१८८२ मध्येच रमाबाई पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी त्यांचं स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, मराठीत स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात, अशी मागणी केली.

स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. बरोबर छोटी मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत होत्या. वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. इथेही दुःखाने पाठ सोडली नाही. परक्या देशात आनंदीबाई भगत यांचं मन ढासळलं आणि त्यांनी आत्महत्या केली. शिवाय रमाबाईंना हळूहळू ऐकू कमी येऊ लागलं होतं. त्यामुळे डॉक्टर होण्याचं स्वप्नही संपलं.

इथे त्यांनी जे पाहिलं, त्याने मात्र त्यांचं आयुष्य वळलं. लंडनजवळ फुलहॅम इथे या भगिनी वाट चुकलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना सांभाळत होत्या. त्यांना शिक्षा होत नव्हती. त्यांना घर, काम आणि माया मिळत होती. रमाबाईंना याचं नवल वाटलं, आणि यामागचं कारण त्यांनी विचारलं. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. गावाने ओवाळून टाकलेली एक बाई भर दुपारी विहिरीवर येते. येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी बोलतो आणि तिला हिणवत नाही.

कुणाला हिणवत नाही असा देव, हे रमाबाईंना नवीन होतं. शिवाय या देवाने स्वतः मार खाल्ला होता, त्याची चेष्टा झाली होती, तो क्रुसावर मेला होता. दुःख म्हणजे पापाची पावती नाही. देव दुःखी माणसाच्या विरुद्ध बाजूला नाही, तर त्याच्या शेजारी आहे. पाच माणसं गमावलेल्या त्या तरुण विधवेला हे केवढं मोठं वाटलं असेल! २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

त्या भोळ्या भाबड्या झाल्या असं मात्र समजू नका. धर्मगुरूंशी त्यांचे खडाजंगी वाद झाले. सांगितलेलं सगळंच त्यांनी मान्य केलं नाही. शाकाहार सोडला नाही आणि आपला भारतीय पेहराव सोडला नाही. त्यांनी धर्म बदलला, पण प्रश्न विचारायची सवय बदलली नाही. आणि स्वतःच्या श्रद्धेची खोली त्यांना लगेच सापडली, असंही नाही. धर्म मिळाला पण ख्रिस्त अजून मिळाला नाही, अशी रुखरुख त्यांना कितीतरी वर्षं होती. ती १८९१ च्या सुमारास मिटली, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे.

शारदा सदन

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. तिथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते १८८७ मध्ये प्रसिद्ध झालं. पुस्तक अर्पण केलं आहे आईला, लक्ष्मीबाईंना. पहाटेच्या शिकवणीचं ऋण असं फेडलं गेलं.

अमेरिकेत ठिकठिकाणी व्याख्यानं देऊन त्यांनी मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केलं. बालविधवांना राहायला जागा आणि शिकायला शाळा. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. त्याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. तिथे वादळ उठलं. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती केलं जातं, असा आरोप झाला. केसरीने कडक टीका केली. धर्म शिकवणार नाही हे ठरलेलं होतं. पण रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडलं आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

शिक्षक म्हणून मला दोन्ही बाजू समजतात. आपली लेक आपल्यापासून दूर जाईल ही पालकांची भीती खोटी नव्हती. आणि मुलींसाठी जीव टाकणाऱ्या बाईला आपल्याच माणसांनी सोडणं, हे दुःखही खोटं नव्हतं. वर्गात सांगताना एका बाजूला खलनायक करू नये, असं मला वाटतं.

भूक ओळखणारी बाई

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई पुण्यात होत्या. सदन चाललेलं होतं, हाताशी पैसा फार नव्हता. शेकडो मैल दूरचा तो दुष्काळ. त्यांनी जायलाच हवं होतं असं काही नव्हतं. पण वीस वर्षांपूर्वी पानं खाऊन काढलेले दिवस त्यांना आठवले आणि त्या निघाल्या.

तिथे त्यांनी मदत छावण्या पाहिल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या. अशा एकट्या पडलेल्या मुलींना फूस लावून नेणारी माणसंही तिथे फिरत होती. एकट्या मुलीला रस्त्यावर काय काय धोका असतो, हे रमाबाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका बरोबर आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग आणि त्याचे कडक निर्बंध होते. म्हणून त्यांना पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला नेलं. तिथे रमाबाईंनी आधीच शेतजमीन घेऊन ठेवली होती. त्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी शेकडो आल्या आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

विचार करा, दोन हजार पानं रोज वाढायची! विहिरी खणल्या, शेती केली, माग बसवले, छापखाना घातला. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीची सोय केली. ज्यांना समाजात कुठेच थारा नव्हता, अशा स्त्रियांसाठी कृपा सदन काढलं. फुलहॅमला पाहिलेलं ते घर असं केडगावच्या माळावर आलं.

भाऊ-बहिणींनो, दुःखातलं सौंदर्य म्हणतात ते कुठे असतं? माझ्या मते दुष्काळात मुळीच नाही. त्या दुष्काळांत लाखो माणसं मेली आणि त्यांचं काहीच चांगलं झालं नाही. सौंदर्य आहे ते केडगावच्या छापखान्यात. भुकेने मरायला टेकलेल्या मुली तिथे वाचायला शिकल्या आणि त्यांच्याच हातांनी शिशाचे खिळे जुळवून पुस्तकं छापली गेली.

शेवटचं काम

यातलं सर्वांत मोठं पुस्तक म्हणजे बायबलचं मराठी भाषांतर. गावातल्या साध्या बाईला वाचून समजेल असं बायबल हवं, म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षं भाषांतराचं काम करत राहिल्या. कान जवळजवळ गेलेले, प्रकृती ढासळलेली.

मनोरमा परदेशात शिकून परत आली होती आणि आईच्या खांद्याला खांदा लावून काम करत होती. संस्थेचं पुढचं सगळं तीच पाहणार, असं ठरलेलं. पण जुलै १९२१ मध्ये चाळिशीत असलेली मनोरमा वारली. तरुण वयात आईला डोक्यावरून नेणाऱ्या रमाबाईंना म्हातारपणी लेकीचंही जाणं पाहावं लागलं.

त्यांनी भाषांतराचं काम सोडलं नाही. मुद्रितं तपासत राहिल्या. ते काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांनी देह ठेवला. केडगावची संस्था आजही चालू आहे.

मग त्या मुलीला मी काय सांगितलं?

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, की नाही गं, मोठं होण्यासाठी कुणी जावं लागत नाही. रमाबाई मोठ्या झाल्या त्या आईने पहाटे उठवून शिकवलं म्हणून, भावाने हात धरला म्हणून, आणि आपल्याला न हिणवणारा देव सापडला असं त्यांना मनापासून वाटलं म्हणून. दुःख त्यांनी मागितलं नव्हतं. पण ते आलं तेव्हा त्यांनी त्यातून एक गोष्ट घेतली. दुसऱ्याची भूक लांबूनही ओळखायला त्या शिकल्या.

ती काही बोलली नाही. मान हलवून जागेवर जाऊन बसली. तिचं समाधान झालं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्यानंतर मी दुःख चांगलं असतं किंवा देव परीक्षा पाहतो, असं कुठल्याही मुलाला म्हटलेलं नाही.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. पाठ सांगताना तारखांच्या आधी पहाटेची शिकवणी सांगा. मुलांना ती पटकन भिडते.

२. पहिला दुष्काळ आणि वीस वर्षांनंतरचा दुष्काळ हे दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मधल्या काळात काय घडलं ते मुलांनाच शोधू द्या.

३. शारदा सदनाच्या वादावर दोन गट करून चर्चा घ्या. एक गट पालकांचा, एक रमाबाईंचा. कुणाच्याही धर्माला नावं ठेवायची नाहीत, हा नियम आधीच सांगा.

४. वर्गात नुकतंच कुणी गमावलेलं मूल असेल, तर त्याला उभं करून रमाबाईंशी तुलना करू नका. त्याला प्रश्न विचारू द्या. उत्तर येत नसेल तर उद्या सांगतो म्हणा, आणि उद्या खरंच सांगा.

पालकहो, शेवटचा मुद्दा घरासाठीही तितकाच खरा आहे. रमाबाईंच्या आईने लेकीला संपत्ती दिली नाही, घर दिलं नाही. रोज पहाटेचा थोडा वेळ दिला. तेवढा आपल्याकडेही असतो.